सहा घन सेंटिमीटरचा हिशेब

प्रीमियर पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. तळापासून माथ्यापर्यंत येताना पिस्टन एका सिलिंडरमध्ये २७२ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. चारांची बेरीज १०८९. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाला असतानाची आणि माथ्यावर असतानाची जागा यांचे प्रमाण, ७.३ धरला, तर पिस्टन पार वर आल्यावर त्याच्या डोक्यावर ४३ घन सेंटिमीटरची पोकळी उरते. ही पोकळी ३७ वर आणली की रेशो ८.३ होतो. एका सिलिंडरमागे फरक फक्त सहा घन सेंटिमीटरचा, चहाच्या चमच्यात मावेल त्याहून किंचित जास्त. जुन्या गाड्या हौसेने चालत्या ठेवणाऱ्यांमध्ये हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, खोलायची वेळ आली की या सहा घन सेंटिमीटरची चर्चा हमखास निघते: हेड खोललेच आहे, तर कॉम्प्रेशन वाढवून घ्यावे का?

वाढवण्यासारखे त्यात काहीतरी आहे, हे गणित सांगते. पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राची कार्यक्षमता जवळजवळ पूर्णपणे कॉम्प्रेशन रेशोवर ठरते. ७.३ ला ती सुमारे ५४.८ टक्के येते आणि ८.३ ला ५७.१. म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमध्ये चारेक टक्के जास्त काम. खऱ्या इंजिनात उष्णता भिंतींत जाते, घर्षण असते, मिश्रण सगळीकडे सारखे नसते, म्हणून हे आकडे प्रत्यक्षात बरेच खाली येतात. पण दोन्हींमधले प्रमाण साधारण टिकून राहते. मात्र हा लाभ वर जाताना आटत जातो. ४ वरून ५ वर जाताना अकरा-बारा टक्के मिळतात, ९ वरून १० वर जाताना तीनही मिळत नाहीत. त्यामुळे इंजिन जितके जुने आणि त्याचा रेशो जितका कमी, तितकी या कामाची फळे मोठी. नव्या गाडीच्या मालकाने या फंदात पडण्याचे फारसे कारण नाही.

मग जुन्या कारखान्यांनी रेशो कमी का ठेवला? त्यांना हे गणित ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये सुमारे ४.५ रेशो घेऊन आली आणि पुढे तो ३.९८ पर्यंत उतरवला गेला, कारण गाड्यांची संख्या फुगली आणि मिळणाऱ्या पेट्रोलची प्रत घसरली. खालच्या प्रतीचे पेट्रोल जास्त दाबाखाली नीट जळत नाही. ठिणगीपासून निघालेली ज्योत टोकापर्यंत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण तापून आपोआप एकदम पेटते, दाबाची लाट भिंतींवर आपटते आणि टकटक ऐकू येते. गॅरेजमध्ये त्याला नॉकिंग म्हणतात. थोडे असेल तर नुसता आवाज. सतत राहिले तर पिस्टनचा काठ झिजतो, रिंगांमधल्या कडा तुटतात, गॅस्केट फुटते.

नॉकिंगचा शास्त्रीय छडा लावण्याचे मोठे श्रेय इंग्रज अभियंता हॅरी रिकार्डो यांना जाते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या पेट्रोलच्या चाचण्या घेतल्या. बोर्निओचे जे पेट्रोल जड म्हणून निरुपयोगी ठरवून जाळून टाकले जात होते, तेच नॉकिंगला सर्वांत कमी दाद देणारे निघाले. त्यात सुगंधी हायड्रोकार्बनांचे प्रमाण मोठे होते. त्यानंतर त्यांनी ई-३५ नावाचे एक प्रायोगिक इंजिन बांधले. त्याचा कॉम्प्रेशन रेशो इंजिन चालू असतानाच कमी-जास्त करता येई. प्रत्येक इंधन कोणत्या रेशोपर्यंत निमूट चालते, हे त्यावर मोजता आले. रिकार्डोंची दुसरी देणगी या लेखाच्या विषयाला आणखी जवळची आहे. साइड-वॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या शेजारी वॉल्व्ह असलेल्या, इंजिनाच्या हेडचा त्यांनी नवा आकार काढला: पिस्टनच्या वरचा हेडचा बराचसा सपाट भाग पिस्टनला जवळजवळ चिकटेल इतका खाली आणला आणि ज्वलनाची पोकळी वॉल्व्हच्या बाजूला सरकवली. पिस्टन वर येताना त्या चिंचोळ्या फटीतले मिश्रण जोराने पोकळीत ढकलले जाते, तिथे घुसळण होते, ज्योत वेगाने पसरते आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला सवडच मिळत नाही. या फटीला इंजिनवाले स्क्विश म्हणतात. नॉकिंगचा प्रश्न पेट्रोलइतकाच हेडच्या आकाराचाही आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

पेट्रोलच्या बाजूने उत्तर अमेरिकेतून आले. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडले. चिमूटभर शिसे घातले की नॉकिंग थांबते, म्हणून पुढची पन्नास वर्षे रेशो चढत गेले. १९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट व्ही-८ चा रेशो ७.२५ होता, साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मोटारी १० ते ११ वर गेल्या. शिसे जितके उपयोगी तितकेच विषारी. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने शिसेमुक्त पेट्रोलची तयारी म्हणून आपल्या सगळ्या इंजिनांचे रेशो खाली आणले. भारतात देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. रेशोचा आलेख असा चढला आणि उतरला, आणि प्रत्येक वळणावर कारण पेट्रोलचेच होते.

अॅम्बेसेडरचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. १९५९ पासून हिंदुस्तान मोटर्सने तिला बीएमसीचे १४८९ सीसी बी-सिरीज इंजिन बसवले, रेशो ७.२, ताकद पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एमजीए ही दोन आसनी गाडी याच १४८९ सीसी इंजिनावर धावत होती. तिथे रेशो ८.३ होता, कार्ब्युरेटर दोन होते, कॅमशाफ्ट निराळा होता आणि ताकद ६८, नंतर ७२ अश्वशक्ती होती. हेडमधली हृदयाच्या आकाराची पोकळी हॅरी वेसलेक यांच्या आराखड्याची होती. तिच्यात वाढीव रेशो पचवण्याची क्षमता मुळातच होती. अॅम्बेसेडरला ती वापरू दिली नाही, कारण देशातल्या कुठल्याही आडगावी मिळेल त्या पेट्रोलवर तिला चालायचे होते. जुन्या इंजिनाचा कमी रेशो हा बांधणाऱ्याचा आळस मानणे म्हणूनच अन्यायाचे आहे. त्या काळच्या पेट्रोलला दिलेले ते शहाणे उत्तर होते. आता पेट्रोल बदलले आहे, तेव्हा उत्तर थोडे बदलायला हरकत नसावी, पण थोडेच.

किती, याचा अंदाज एमजीच्या अॅबिंग्डन कारखान्याने स्वतःच देऊन ठेवला आहे. टीसी या गाडीच्या १२५० सीसी इंजिनासाठी त्यांनी हौशी मालकांकरता ट्यूनिंगची पुस्तिका काढली होती. तिच्या पहिल्या पायरीत हेडच्या पृष्ठातून ३/३२ इंच, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर धातू काढून रेशो ७.२५ वरून ८.६ वर न्यायला सांगितले आहे. कारखान्याने इतक्या मोकळेपणाने परवानगी दिल्याची उदाहरणे थोडी. बहुतेक जुन्या इंजिनांच्या बाबतीत हेड किती उतरवता येईल हे स्वतः मोजूनच ठरवावे लागते.

मोजणे हा या कामाचा खरा गाभा आहे आणि नेमकी तीच पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. ‘एक मिलिमीटर मारून द्या’ असे सांगून हेड फेसिंगला पाठवणे सोपे असते. पण पोकळीचा हिशेब चार तुकड्यांचा आहे: हेडमधली पोकळी, गॅस्केटच्या जाडीतली जागा, पिस्टनचा माथा ब्लॉकच्या पृष्ठापेक्षा जितका खाली राहतो ती जागा, आणि पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा किंवा फुगवटा. पहिला तुकडा मोजायला हेड उलटे, सपाट ठेवतात, वॉल्व्ह आणि प्लग बसवतात, तोंडावर ग्रीस लावून छिद्र असलेली अॅक्रिलिकची पट्टी चिकटवतात आणि ब्युरेटने रॉकेल सोडून किती मावले ते पाहतात. ब्लॉकच्या बाजूला डायल गेजने पिस्टन किती खाली राहतो ते कळते. गॅस्केटची जाडी दाबल्यानंतरची धरायची, पाकिटातून काढलेल्याची नाही. ७० मिलिमीटर भोकाचे, दाबून १.२ मिलिमीटर राहणारे गॅस्केट ४.६ घन सेंटिमीटर जागा घेते, ०.८ चे वापरले तर ३.१. एवढ्या एका बदलाने पद्मिनीचा रेशो ७.३ वरून साडेसातवर येतो, हेडला हात न लावता.

आणि इथे एक बारकावा आहे, तो अनुभवी माणसांच्याही नजरेतून निसटतो. हेडचे पृष्ठ घासल्याने पोकळी उथळ होते, पण स्क्विशची फट तेवढीच राहते, कारण ती हेडचे सपाट पृष्ठ आणि पिस्टन यांच्यामध्ये असते आणि तिची उंची गॅस्केट व ब्लॉक ठरवतात. ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर रिकार्डोंनी दाखवलेली घुसळण नीट होते. दोन मिलिमीटर असेल तर घुसळण मंदावते, आणि त्या फटीत जाऊन बसलेले मिश्रण नॉकिंगचे घर बनते. म्हणून ब्लॉकचे पृष्ठ किंचित उतरवून किंवा पातळ गॅस्केट घालून मिळवलेला अर्धा अंक आणि नुसते हेड घासून मिळवलेला अर्धा अंक यांची किंमत सारखी नाही. पहिल्यात रेशोही वाढतो आणि तो पचवण्याची शक्तीही. अर्थात फट एक मिलिमीटरच्या फार खाली नेणे धोक्याचे. गरम झालेला कनेक्टिंग रॉड जोरात फिरताना ताणला जातो आणि पिस्टन हेडला टेकू शकतो.

पोकळीचे तोंड किती रुंद आहे, यावरही बरेच ठरते. सहा घन सेंटिमीटर कमी करायचे आहेत आणि तोंडाचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर आहे, तर दोन मिलिमीटर धातू काढावा लागेल. बी-सिरीजसारख्या अरुंद तोंडाच्या हेडमध्ये अॅम्बेसेडरला ८.३ पर्यंत न्यायचे तर सिलिंडरमागे नऊ घन सेंटिमीटर कमी करायला हवेत, आणि ते केवळ घासून मिळवू गेले तर हेडचा तळ धोकादायक पातळ होतो. अशा ठिकाणी पिस्टन बदलणे शहाणपणाचे. जॅग्वारने एक्सके इंजिनासाठी हाच मार्ग धरला होता: हेड तेच, पिस्टन ७, ८ आणि ९ रेशोंचे निरनिराळे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये पोकळीत आर्गन वेल्डिंगने धातू भरून नवा आकार कोरण्याचाही मार्ग आहे. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने हेड वाकते आणि धातू मऊ पडतो, म्हणून ते काम फार थोड्यांच्या हातचे. साइड-वॉल्व्ह इंजिनात मर्यादा लवकर येते. विलीज जीपच्या २.२ लिटर इंजिनाचा रेशो ६.४८ होता, तिथे हेड खाली आणत गेले की वॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वाटच आवळली जाते, आणि कॉम्प्रेशनने जे दिले ते श्वास कोंडल्यामुळे परत जाते. पुढे त्या इंजिनात इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये नेण्यात आला, त्यामागे हेही एक कारण आहे.

जीपच्या निमित्ताने उंचीचा मुद्दा. डोंगरी प्रदेशासाठी जीपला जास्त रेशोचे वेगळे हेड मिळत असे. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी शिरते, म्हणून तिथे बिनतक्रार चालणारे इंजिन मुंबईत उतरल्यावर नॉकिंग करू शकते.

हेड उतरवल्यावर त्याला जोडलेले सगळेच हलते. पुशरॉडच्या इंजिनात हेड दोन मिलिमीटर खाली आले की पुशरॉड तेवढे लांब ठरतात. टॅपेट सेटिंगचा स्क्रू वर घेऊन भागवले तर रॉकर चुकीच्या कोनात काम करतो आणि वॉल्व्हचे गाइड एका बाजूने झिजतात. रॉकर शाफ्टच्या खुंट्यांखाली शिम घालणे किंवा पुशरॉड आखूड करणे हे त्यावरचे उपाय. कॅमशाफ्ट हेडमध्ये असलेल्या इंजिनात, उदाहरणार्थ मारुती ८०० मध्ये, कॅम आणि क्रँक यांच्यातले अंतर कमी होते, बेल्टची ताणलेली बाजू आखडते आणि कॅमचे टायमिंग मागे पडते. वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, त्यामुळे पिस्टनवर मातीचा किंवा प्लॅस्टिसीनचा थर देऊन, इंजिन हाताने फिरवून, उरलेली जाडी मोजल्याशिवाय हेड कायमचे बसवू नये. साधारण दोन मिलिमीटर मोकळीक इनटेकला आणि त्याहून थोडी जास्त एक्झॉस्टला हवी.

वॉल्व्ह सीटचे काम याच वेळी होते आणि त्याचा कॉम्प्रेशनशी थेट संबंध आहे. शिसेयुक्त पेट्रोलमध्ये शिशाचा पातळ थर सीटवर बसून तिला झिजू देत नसे. शिसे गेल्यावर जुन्या बिडाच्या हेडमधल्या एक्झॉस्ट सीट झिजून वॉल्व्ह आत बुडू लागले. वर दर वेळी सीट कापून घेतली की ते आणखी बुडतात. ३५ मिलिमीटरचा वॉल्व्ह अर्धा मिलिमीटर बुडाला तर पोकळी जवळपास अर्धा घन सेंटिमीटरने वाढते. कडक धातूच्या नव्या सीट ठोकून बसवल्या की हेही भरून निघते आणि झीजही थांबते. पुण्या-मुंबईत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या यंत्रकामाच्या वस्त्यांत हे काम चांगले होते. त्याआधी हेडला रंगद्रावाने तडे तपासणे आणि दाबाखाली पाणी भरून गळती पाहणे मात्र मालकाने आवर्जून सांगावे लागते. पोकळीतल्या धारदार कडा आणि प्लगच्या थ्रेडची उघडी टोके गुळगुळीत करून घ्यावीत, कारण अशी टोके तापून लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. चारही पोकळ्या अर्ध्या घन सेंटिमीटरच्या आत सारख्या असाव्यात. हे कष्ट कोणाला दिसत नाहीत, पण इंजिन मऊ चालते ते यांच्यामुळे.

ठरवून रेशो वाढवण्याच्या उलटही घडते, आणि आपल्याकडे ते जास्त घडते. रेडिएटर आटून इंजिन तापले, अॅल्युमिनियमचे हेड वाकले, फेसिंग झाले. दोन वर्षांनी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी दोन-तीन दशांश मिलिमीटर गेले. मालकाला न कळत रेशो वाढत जातो आणि एक दिवस चढावर टकटक सुरू होते. मग पेट्रोलला दोष दिला जातो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी दिवसभर गर्दीत रांगत चालत आणि तापत. त्या सेवेतून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या बाहेर पडल्या. तशा वापरातून आलेले हेड पुन्हा बसवायचे असेल तर आधी त्याची उंची मोजून मूळ मापाशी ताडून पाहावी. ते आधीच उतरलेले असेल, तर आणखी घासण्याऐवजी जाड गॅस्केट घालून हिशेब मागे आणणे हेच योग्य.

हाव केली तर काय होते, याचे उदाहरण पुन्हा एमजीकडेच सापडते. १९५८ मध्ये आलेल्या एमजीए ट्विन कॅमच्या १५८८ सीसी इंजिनाचा रेशो ९.९ होता आणि ताकद १०८ अश्वशक्ती. पेट्रोल उत्तम लागे, टायमिंग अचूक लागे. गिऱ्हाइकांच्या हातात पिस्टनना भोके पडू लागली, कंपनीने रेशो ८.३ वर आणला, तरी नाव गेले ते गेलेच. १९६० मध्ये २१११ गाड्यांवर उत्पादन थांबले. विशिष्ट वेगाला इंजिनाच्या कंपनांनी कार्ब्युरेटरमधले पेट्रोल फेसाळून मिश्रण पातळ होत होते, हे कारण नंतर पुढे आले. जास्त रेशोने गुन्हा केला नव्हता. इतर चुका पोटात घालण्याची जी जागा कमी रेशोत असते, ती मात्र त्याने ठेवली नव्हती. जुन्या इंजिनाला नॉक सेन्सर नाही, टायमिंग मागे घेणारा संगणक नाही. मॅझ्दाने २०११ मध्ये पेट्रोल इंजिन १४ रेशोवर चालवून दाखवले ते थेट सिलिंडरमध्ये फवारणी, संगणकी नियंत्रण आणि खास एक्झॉस्ट यांच्या बळावर. निसानने तर रिकार्डोंच्या ई-३५ ची कल्पना रस्त्यावर आणली. त्यांच्या एका इंजिनात रेशो चालता-चालता ८ ते १४ बदलतो. पद्मिनीला यातले काही उसने घेता येत नाही. तिच्यासाठी एका अंकाची वाढ हे रास्त माप आहे, बिडाच्या हेडला त्याहून थोडे कमी, कारण अॅल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर नेते आणि बीड ती धरून ठेवते.

कॉम्प्रेशन वाढवावे का, या प्रश्नाला आता नवे निमित्त मिळाले आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळले जाते. जुन्या गाड्यांचे मालक त्याने हैराण आहेत, आणि त्यात तथ्य आहे: रबरी नळ्या फुगतात, टाकीत पाणी धरते, आणि इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असल्याने अॅव्हरेज पडते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या चारचाकींत ही घट सहा-सात टक्के धरली होती. पण याच इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याचे माप, वर गेला आहे. नव्वदच्या दशकात साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे होते, पुढे ९१ झाले, आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणासाठी ९५ धरला जातो. शिवाय इथेनॉल वाफ होताना आतल्या हवेला थंड करते. ७.३ रेशोच्या इंजिनाला या ऑक्टेनचा काडीचा उपयोग होत नाही. तोटा सगळा त्याच्या वाट्याला येतो, नफा वाया जातो. रेशो ८.३ झाला तर गमावलेल्यापैकी निम्म्याहून जास्त परत मिळण्याची शक्यता तयार होते. सरकारी चर्चेत जुन्या गाड्यांच्या मालकांना नळ्या आणि गॅस्केट बदलण्याचा सल्ला मिळतो, हेडविषयी कोणी बोलत नाही. बोलायला हवे.

रेशो वाढवायचा तर कार्ब्युरेटरला हात लावणे अपरिहार्य आहे. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ राहते, आणि पातळ मिश्रण व वाढीव कॉम्प्रेशन हीच ट्विन कॅमचे पिस्टन जाळणारी जोडी. मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा घ्यावा आणि प्लगचा रंग पाहून पक्का करावा. प्लग एक पायरी थंड जातीचा. जास्त दाबाखाली ज्योत वेगाने पसरते, म्हणून ठिणगी पूर्वीपेक्षा थोडी उशिरा, दोन-तीन अंश मागे. डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि स्प्रिंगा जुन्या झाल्या असतील तर टायमिंग कुठल्या वेगाला कुठे जाते याचा भरवसा राहत नाही. त्या आधी नीट कराव्यात. हेडचे नट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि जुन्या पद्धतीचे गॅस्केट असेल तर काही शे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर पुन्हा तपासायचे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजवर मोजून वहीत लिहून ठेवायचे. नॉकिंगची परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाही. चौघे बसलेली गाडी खंबाटकीच्या घाटात टॉप गिअरमध्ये कमी वेगावर ओढायला लावली की सात-आठ सेकंदांत उत्तर मिळते. टकटक ऐकू आली तर पाय काढून घ्यायचा, खाली उतरून डिस्ट्रिब्युटर एक अंश मागे फिरवायचा आणि पुन्हा चढायचे.